धातुशोधक
जमिनीत किंवा अन्यत्र दडलेली धातूची वस्तू विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने हुडकणारे उपकरण. वेटोळ्यातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे जवळच्या धातूत प्रवाह प्रवर्तित होतो व त्याची चाहूल ध्वनिरूपाने लागते. १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी ॲलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे उपकरण वापरले. पण पलंगातील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, शिवाय डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. पुढे पोलिश अभियंते यूझेफ कोसात्स्की यांचा सुरुंगशोधक एल् अलामेनच्या लढाईत (१९४२) उपयोगी पडला.

साताऱ्यासारख्या प्रदेशात जमीनच घोटाळा करते. तेथील बेसाल्ट व जांभा या खडकांत आणि त्यांपासून झालेल्या मातीत लोहाची चुंबकीय खनिजे असतात. संवेदनशीलता वाढविली, की खोलवरच्या वस्तूऐवजी मातीचाच आवाज वाढतो. म्हणून उपकरण आधी तेथील मातीशी जुळवून घेऊन संवेदनशीलता उतरवावी लागते. लोखंड वगळण्याची योजना नाणी शोधणाऱ्यास सोयीची, पण किल्ल्यांच्या अभ्यासकास घातक होय. कारण बाणांची टोके व खिळे तीत मुके राहतात. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा भूमिगत निधी सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते.