जोती या नावाचं कूळ

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालात पायऱ्या दिसेनाशा होतात आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ असा गजर उठतो. शिंद्यांचं हे कुलदैवत. आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं. पण हा देव घराघरांत नेला तो बारशांनी. यात्रेच्या दिवशी पोर झालं की त्याचा जोती व्हायचा. ११ एप्रिल १८२७ ला गोविंदराव आणि चिमणाबाईंना मुलगा झाला, तेव्हाही चैत्र पौर्णिमाच होती. घराणं मूळचं कटगुणचं, आडनाव गोऱ्हे; फुलांच्या धंद्यावरून फुले झालेलं.

या जोतीच्या, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या, वाटेत अमेरिका लवकर आली. त्याच १८२७ मध्ये सिंथिया फॅरार नावाच्या अविवाहित अमेरिकन बाई मिशनच्या मुलींच्या शाळांसाठी मुंबईत उतरल्या. पुढं अहमदनगरची त्यांची शाळा पाहून जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.

फॅरारबाईंच्या देशात मात्र १८६० साली जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत त्यांच्या याद्या मालकाच्या नावाखाली लागल्या. वय, लिंग, रंग, बस्स. गुलामाचं नाव बहुधा नाहीच. आई लेकराला काय हाक मारायची, हे सरकारी कागदाला ठाऊक नव्हतं. १८६५ च्या घटनादुरुस्तीनं गुलामी संपली आणि १८७० च्या शिरगणतीत ही सुटलेली माणसं नावानिशी उतरली.

तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, फुल्यांचं ‘गुलामगिरी’ निघालं. अर्पण केलं ते गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुस्तक म्हणजे धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद. गंमत अशी, की त्यात हाच रत्नागिरी डोंगरही येतो. तिथला जोतिबा फुल्यांच्या लेखी अवतारबिवतार नाही; तो बळीराजाचा क्षेत्रपती, रयतेचा कारभार पाहणारा माणूस. इतिहास म्हणून ही मांडणी कितपत टिकते, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं. मला त्यातली हिंमत मोठी वाटते. ज्या देवावरून नाव मिळालं त्याला फुल्यांनी टाकलं नाही, बळीच्या, म्हणजे आपल्याच पक्षात घेतलं.

यंदा सासनकाठीमागून डोंगर चढणार असाल, तर निघण्याआधी ‘गुलामगिरी’तला बळीराजाचा भाग जरूर वाचा.