गणवेशातील तीन वर्षे : महाविद्यालयीन 'एनसीसी'ची ओळख

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाचे प्रवेश पूर्ण होतात न होतात तोच सूचनाफलकावर राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजेच 'एनसीसी'च्या भरतीची सूचना लागते. गणवेशाचे आकर्षण, सैन्यात जाण्याची इच्छा, 'प्रमाणपत्राचा पुढे उपयोग होतो' ही ऐकीव माहिती, यांपैकी कोणत्या तरी कारणाने विद्यार्थी मैदानावर जमतात. घरी मात्र एक प्रश्न हमखास विचारला जातो : परेडमध्ये वेळ घालवला तर अभ्यासाचे काय? हा प्रश्न अनाठायी नाही. त्याचे उत्तर द्यायचे, तर ही संघटना विद्यार्थ्याकडून नेमके काय मागते आणि त्या बदल्यात काय देते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

उगम आणि वाटचाल

भारतीय विद्यापीठांतील लष्करी शिक्षणाची परंपरा स्वातंत्र्यापूर्वीची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली विद्यापीठीय पथक स्थापन झाले. १९२० च्या कायद्यानंतर त्याचे रूपांतर 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर'मध्ये झाले आणि १९४२ मध्ये त्याला अधिकारी प्रशिक्षण पथकाचे नाव मिळाले. युद्ध संपल्यावर, १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. शाळा-महाविद्यालयांसाठी देशव्यापी छात्रसेना असावी, अशी शिफारस या समितीने केली. त्यानुसार १९४८ साली कायदा होऊन १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे पुढे १९७३ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. १९४९ मध्ये मुलींचा विभाग, १९५० मध्ये हवाई विभाग आणि १९५२ मध्ये नौदल विभाग सुरू झाला.

या इतिहासातील एक टप्पा विशेष विचार करण्याजोगा आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची करण्यात आली. पाच वर्षांतच, १९६८ मध्ये ही सक्ती मागे घ्यावी लागली. लगेच पुढच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि विद्यार्थ्यांना समाजकार्याचा दुसरा मार्ग खुला झाला. तेव्हापासून एनसीसी ऐच्छिक आहे आणि तिचे बळही या ऐच्छिकतेतच आहे. पहाटे उठून मैदानावर येणारा छात्र स्वतःच्या मर्जीने येतो. छात्रावर प्रत्यक्ष सैन्यसेवेचे कोणतेही बंधन नसते, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

आठवड्याची परेड

महाविद्यालयीन मुलांचा 'सीनियर डिव्हिजन' आणि मुलींचा 'सीनियर विंग' असे दोन विभाग असतात. जागा मर्यादित असल्याने उंची, धावणे, शारीरिक क्षमता आणि छोटी मुलाखत यांवरून निवड होते. महाविद्यालयातील पथकाची जबाबदारी सहयोगी एनसीसी अधिकाऱ्यावर असते. हे अधिकारी म्हणजे त्याच महाविद्यालयातील प्राध्यापक. नागपूरजवळच्या कामठी येथे किंवा ग्वाल्हेर येथे असलेल्या अकादमीत त्यांचे प्रशिक्षण होते. प्रत्यक्ष कवायत शिकवण्यासाठी बटालियनकडून सैन्यातील हवालदार आणि सुभेदार येतात. त्यांना सारे छात्र 'उस्ताद' म्हणतात.

पहिले काही महिने 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मुड' आणि 'कदमताल' यांतच जातात. आज्ञा हिंदीत असतात. एकाचा पाय चुकला, तर सबंध तुकडीला मैदानाची फेरी मारावी लागते. या शिक्षेला छात्रांच्या भाषेत 'रगडा' म्हणतात. आदल्या रात्री गणवेशाला कडक इस्त्री करणे, पट्ट्याचे पितळी बक्कल ब्रासोने घासणे आणि बूट चमकवणे हा नित्यक्रम होतो. वरवर पाहता या क्षुल्लक गोष्टी वाटतात. परंतु आपल्या निष्काळजीपणाची किंमत शेजारच्याला मोजावी लागते, ही जाणीव वर्गातील बाकावर बसून क्वचितच येते.

कवायतीबरोबरच नकाशावाचन, शस्त्रांची ओळख, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास हे विषय शिकवले जातात. नौदल विभागात वल्हवणे, शिडाच्या नौका चालवणे आणि जहाजांच्या प्रतिकृती बनवणे, तर हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती आणि छोट्या विमानाच्या उड्डाणाचा अनुभव यांचा समावेश असतो. रक्तदान, वृक्षारोपण आणि स्वच्छता मोहिमाही असतात.

शिबिराचे दहा दिवस

एनसीसीची खरी ओळख होते ती वार्षिक प्रशिक्षण शिबिरात. साधारण दहा दिवसांच्या या शिबिरात पहाटेच्या व्यायामापासून रात्रीच्या हजेरीपर्यंतचा प्रत्येक तास ठरलेला असतो. ताट आणि मग घेऊन जेवणाच्या रांगेत उभे राहायचे, आपली भांडी आपणच घासायची, राहण्याची जागा तपासणीसाठी लख्ख ठेवायची. 'पॉइंट टू टू' रायफलने जमिनीवर पालथे पडून केलेला गोळीबार बहुतेकांच्या कायम स्मरणात राहतो. श्वास रोखून हळुवार चाप ओढावा लागतो, आणि गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या यावर कौशल्य ठरते.

शहरी विद्यार्थ्याला येथे आणखी एक गोष्ट भेटते. वातानुकूलित खोलीत वाढलेला मुलगा आणि शेतावर राबून आलेला मुलगा एकाच सतरंजीवर झोपतात. राष्ट्रीय एकात्मता शिबिरात हा परीघ आणखी विस्तारतो आणि मणिपूर, केरळ किंवा पंजाबचे छात्र एकाच तुकडीत असतात. १९८० साली स्वीकारलेल्या 'एकता और अनुशासन' या ब्रीदवाक्याचा अर्थ त्या दिवसांत उमगतो.

सर्वांत मानाचे शिबिर अर्थातच दिल्लीतील प्रजासत्ताक दिन शिबिर. महाविद्यालय, बटालियन, ग्रुप आणि राज्य अशा चाळण्यांतून गेल्यावरच त्यासाठी निवड होते. तेथील कामगिरीवर सर्वोत्तम संचालनालयाला पंतप्रधानांचा ध्वज मिळतो. महाराष्ट्र संचालनालयाने तो अनेकदा पटकावला असून २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे हा मान राज्याकडे होता. गोव्याचे छात्र मात्र कर्नाटक व गोवा संचालनालयाकडून उतरतात. २०२५ च्या शिबिरातील २,३६१ छात्रांत ९१७ मुली होत्या, यावरून मुलींचा वाढता सहभाग लक्षात येतो.

प्रमाणपत्र : समज आणि गैरसमज

दुसऱ्या वर्षाअखेर 'बी' आणि तिसऱ्या वर्षाअखेर 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा होते. परेडला ७५ टक्के उपस्थिती आणि ठरलेली शिबिरे पूर्ण केल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही.

'सी' प्रमाणपत्राचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे लष्कराची एनसीसी विशेष प्रवेश योजना. 'सी' परीक्षेत किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असलेल्या, १९ ते २५ वयोगटातील अविवाहित मुलामुलींना लेखी परीक्षेविना सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतही 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी काही जागा राखीव असतात, तर अग्निवीर भरतीत अधिकचे गुण मिळतात. अटींत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्जापूर्वी त्या वर्षाची जाहिरात वाचणे आवश्यक आहे.

येथेच मोठा गैरसमज आहे. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. ते लेखी परीक्षेचा टप्पा वाचवते, परंतु मुलाखत मंडळासमोरची पाच दिवसांची कसोटी इतरांइतकीच कठोर असते. तेथे प्रमाणपत्राचा कागद उपयोगी पडत नाही. गटाला सोबत घेऊन अडथळा पार करण्याची सवय उपयोगी पडते. तीन वर्षे केवळ उपस्थितीपुरती परेड करणाऱ्याला ती सवय लागत नाही.

वेळेचे गणित

आता घरातल्या त्या प्रश्नाकडे वळू. परेड, शिबिरे आणि निवड चाचण्या यांत वर्षातले बरेच दिवस जातात. सत्र परीक्षा आणि शिबिर एकाच वेळी आले, तर विद्यार्थ्याची ओढाताण होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एनसीसीला ऐच्छिक श्रेयांक विषय म्हणून स्थान देण्यास विद्यापीठांना सांगितले. तथापि, आपल्या महाविद्यालयात त्याची अंमलबजावणी कशी आहे आणि शिबिरकाळातील वर्गाच्या हजेरीची सवलत मिळते काय, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्यावे.

केवळ प्रमाणपत्रासाठी यायचे असेल, तर हा वेळ महाग पडेल. ज्यांच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांचा भार मोठा आहे, त्यांनीही पूर्ण विचार करावा. परंतु पहिल्या महिन्यातील रगड्यानंतरही पुढच्या परेडची वाट पाहावीशी वाटली, तर त्या विद्यार्थ्याने खुशाल टिकून राहावे. पुढे तो सैन्यात जावो अथवा न जावो, वेळ पाळणे, आज्ञा ऐकणे आणि प्रसंगी आज्ञा देणे या तीन गोष्टी तो बरोबर घेऊन जाईल. पदवीच्या अभ्यासक्रमात त्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारल्या जात नाहीत. आयुष्यात मात्र त्यांची परीक्षा वारंवार द्यावी लागते.