मुंबईच्या इमारती आणि साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

मुंबईत एखादा नवा टॉवर होणार अशी बातमी आली की लोक दोन प्रश्न विचारतात. तो किती मजली असेल, आणि तिथे ‘एफ.एस.आय.’ किती मिळाला? पहिला प्रश्न कुतूहलाचा, दुसरा पैशाचा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या इमारतीच्या शेजारी, अगदी तळमजल्यावर राहणाऱ्याला आपल्या खिडकीतून आकाश किती दिसेल?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरात हा प्रश्न विचारला गेला होता. त्याचे उत्तर शाळेतल्या कंपासपेटीतील कोनमापकाने मोजता येईल अशा स्वरूपात दिलेही गेले होते. त्या उत्तराची ही हकीकत आहे.

सुरुवात होते ती १८९६ च्या प्लेगपासून. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. प्लेग कशाने पसरतो हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. कोंदट, ओल्या, अंधाऱ्या घरांत रोगाचे विष साठून राहते, ही समजूत डॉक्टरांमध्येही पक्की होती. म्हणून सरकारी माणसे घरे धुऊन काढीत, चुन्याची सफेदी करीत. आत उजेड यावा म्हणून छपरावरची कौलेही उतरवीत. ज्या खोल्या राहण्यास अयोग्य ठरत, त्यांच्या दारावर ‘यू.एच.एच.’ अशी इंग्रजी अक्षरे रंगवली जात.

१८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत होतो. म्हणजे कौले उतरवून प्लेग हटणार नव्हता. पण सिमाँचे म्हणणे मान्य व्हायला बरीच वर्षे गेली, आणि त्याच १८९८ साली कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढणे आणि शहरात हवा-उजेड आणणे हे ट्रस्टचे काम होते. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातून झाले. या कामात जितकी घरे पाडली गेली तितकी नवी बांधली गेली नाहीत. बेघर झालेले लोक शेजारच्या आळीत गेले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. हे ट्रस्टच्या अधिकाऱ्यांच्याही लक्षात आले.

त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणायची तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांनुसार शहरातील बहुसंख्य लोक एकेका खोलीत राहत होते. दोन चाळींच्या मध्ये जी अरुंद फट असे तिला घरगल्ली म्हणत. मोरीचे पाणी, कचरा, भंगी-वाट, सगळे तिथेच. आतल्या खोल्यांना उजेड मिळायचा तो या घरगल्लीतूनच, किंवा मिळायचाच नाही.

१९१२ साली ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईतील घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिले. अख्ख्या वस्त्या पाडणे परवडणारे नाही, तेव्हा कुठली खोली राहण्याजोगी आणि कुठली नाही हे ठरवायला एक साधे माप हवे, असा त्यांचा विचार होता. ते माप असे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या दिशेने, जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी एक रेषा वर न्यावी. समोरची इमारत या रेषेच्या वर डोकावता कामा नये.

साडेत्रेसष्टच का? विद्यार्थ्यांना टॅन्जंटचे कोष्टक काढायला सांगावे. या कोनाचा टॅन्जंट जवळजवळ बरोबर २ येतो. म्हणजे समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुप्पट उंच असली तरी चालेल, त्याहून उंच नको. गवंड्यालाही दोरी धरून तपासता येईल असा हा नियम आहे. कोन मूळचा मुंबईचा नव्हे. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घरांच्या मागच्या बाजूसाठी तो आलेला होता.

मात्र लंडनचा कोन मुंबईत आणला की त्याचा अर्थ बदलतो. लंडनचा अक्षांश सुमारे साडेएक्कावन्न अंश उत्तर. तिथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेला नियमाच्या कमाल उंचीची सलग इमारत असेल, तर माध्यान्हीचे ऊन लंडनच्या तळमजल्याला कधीच मिळणार नाही. मुंबईचा अक्षांश १९ अंश. इथे मार्चच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य साडेत्रेसष्ट अंशांच्या वर असतो. डिसेंबरात तो साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंत खाली येतो, तेव्हा ऊन अडते. (गल्ली दक्षिणोत्तर असेल तर माध्यान्हीचे ऊन गल्लीतून सरळच येते, तो हिशेब वेगळा.) एकच कोन, पण मुंबईकराला त्यातून वर्षातले साडेसात महिने दुपारचे ऊन मिळू शकते. या गणिताला सूर्याची क्रांती आणि वजाबाकी याहून अधिक काही लागत नाही. नववी-दहावीच्या वर्गात ते सहज करून घेता येईल.

आणि खोलीत उजेड येतो तो केवळ थेट उन्हाचा नसतो. बराचसा उजेड आकाशाचा असतो. आकाश सगळीकडे सारखेच उजळ आहे आणि समोरची इमारत लांबलचक आहे असे धरले, तर खिडकीवर पडणाऱ्या आकाशाच्या उजेडाचे प्रमाण काढायला एक सोपे सूत्र मिळते: १ वजा कोनाचा साइन. समोर काहीच नसेल तर हे उत्तर १, म्हणजे पूर्ण उजेड. कोन ४५ अंश असेल तर सुमारे २९ टक्के. साडेत्रेसष्ट अंशांना साडेदहा टक्के. ऑर यांचा नियम उदार नव्हता हे यावरून दिसते. मोकळ्या खिडकीच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर तो समाधान मानत होता.

जुन्या शहरात हा नियम लावणे अवघड गेले. घरमालकांचा विरोध होता, कारण मजला उतरवणे किंवा खोली बंद करणे म्हणजे भाडे बुडणे. पण ट्रस्टने स्वतः आखलेल्या नव्या वसाहतींत तसे नव्हते. जमीनच ट्रस्टची होती, त्यामुळे अटी भाडेपट्ट्यात घालता आल्या. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत किंवा पाच बागांच्या परिसरात फिरताना दोन-तीन मजली जुन्या इमारतींच्या चारही बाजूंना जी मोकळी जागा अजून कुठे कुठे दिसते, तिच्यामागे हा कोन आहे. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला.

उंच बांधण्याचे तंत्र तोवर बरेच पुढे गेले होते. शिकागोतील मोनॅडनॉक या १६ मजली इमारतीच्या (१८९१) विटांच्या भिंती तळाशी सहा फूट जाड कराव्या लागल्या. पण त्याच शहरात १८८५ सालीच ‘होम इन्शुरन्स’ इमारतीत वजन धातूच्या सांगाड्यावर पेलण्याचा मार्ग सापडला होता. लिफ्टमुळे जिन्याची अडचण गेली. मुंबईत १९३० च्या दशकात आर.सी.सी. आणि लिफ्ट यांच्या जोरावर मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. १९६१ साली कारमायकेल रोडवर ‘उषाकिरण’ ही २५ मजली इमारत झाली, ती तेव्हा देशातील सर्वांत उंच होती. या सगळ्यात इमारत किती उंच जाऊ शकते हा प्रश्न इंजिनिअरने सोडवला. किती उंच जाऊ द्यावी, हा प्रश्न त्याचा नव्हता.

त्याचे उत्तर मुंबईने वेगळ्या मापाने द्यायचे ठरवले. १९६४ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात ‘चटई क्षेत्र निर्देशांक’, म्हणजेच एफ.एस.आय., आला आणि १९६७ मध्ये आराखडा मंजूर झाला. सर्व मजल्यांचे क्षेत्रफळ मिळवून त्याला भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागले की हा निर्देशांक मिळतो. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर एफ.एस.आय. १ असेल तर संपूर्ण भूखंडभर एक मजला बांधता येईल, किंवा शंभर चौरस मीटरवर दहा मजले. दोन्हींचा आकडा एकच. पण पहिल्या इमारतीला भूखंडात उजेडासाठी वीतभरही जागा उरत नाही आणि दुसरीभोवती मैदान उरते. निर्देशांक किती बांधले ते सांगतो. कसे बांधले ते सांगत नाही. पाणी, गटारे, रस्ते यांवर किती भार पडेल याचा अंदाज घ्यायला तो उपयोगी आहे, यात शंका नाही. इमारतींमधल्या अंतराचे नियमही त्याच्या जोडीला राहिले. पण शहराची चर्चा हळूहळू या एका आकड्याभोवती फिरू लागली, कारण तो विकता येतो. कोन विकता येत नाही.

१९९१ च्या नियमावलीने हा आकडा मुंबई शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ ठरवला. नंतर तो निरनिराळ्या कारणांसाठी वाढवून देण्यात आला. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, १९९५ नंतर, तो अडीचपर्यंत गेला. झोपडीवासीयाला फुकट घर द्यायचे आणि त्याचा खर्च बिल्डरला जादा चटईक्षेत्र देऊन भागवायचा, ही त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नाही. हजारो कुटुंबांना तिच्यामुळे पक्के छप्पर, संडास आणि नळ मिळाला, हे विसरून चालणार नाही. पण फुकटच्या घरांच्या इमारती जितक्या कमी जागेत मावतील तितकी विक्रीच्या टॉवरला जागा जास्त. तेव्हा दाटी कुठे होणार हे उघड होते. पुनर्वसनाच्या इमारतींमधले अंतर सवलती देऊन कमी करण्यात आले.

आता आपले सूत्र पुन्हा वापरू. समजा २१ मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण सात मजली, दोन इमारतींत ३ मीटर अंतर आहे. टॅन्जंट ७, कोन जवळजवळ ८२ अंश. एक वजा साइन केले तर उत्तर येते सुमारे १ टक्का. ऑर यांच्या नियमाने जो तुटपुंजा उजेड मिळाला असता, त्याचाही दहावा हिस्सा. नियम पाळायचा तर तिथे साडेदहा मीटर अंतर लागले असते.

हे अंतर काल्पनिक नाही. मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी. एम. जी. वसाहत या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आय.आय.टी., मुंबई येथील संशोधकांनी केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली पुढे आले. पहिल्या दोन वसाहतींत काही इमारतींमधले अंतर तीन मीटरच होते. तिथल्या घरांत उजेड आणि वारा कमी आढळला, आणि क्षयाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या अशा तिसऱ्या वसाहतीपेक्षा बरेच अधिक होते. खालच्या मजल्यांवर परिस्थिती जास्त वाईट होती. गरिबी, कुपोषण, एका खोलीत झोपणाऱ्यांची संख्या अशी इतर कारणेही क्षयामागे असतात. त्यामुळे सगळा दोष एका कोनावर टाकणे शास्त्रीय होणार नाही. पण संबंध दिसतो, आणि त्यामागची यंत्रणाही ठाऊक आहे. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंडलेल्या हवेत ते टिकून राहतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली हा जंतू शोधला आणि १८९० साली सांगितले की उन्हात तो मिनिटांत ते काही तासांत मरतो, आणि खिडकीजवळच्या नुसत्या दिवसाच्या उजेडातही काही दिवसांत मरतो.

इतिहासातली ही गंमत मला फार बोलकी वाटते. प्लेगच्या चुकीच्या उपपत्तीतून उजेडाचा आग्रह सुरू झाला. प्लेगवर त्याचा उपयोग बेताचा होता. क्षयावर मात होता. आणि क्षय काही प्लेगसारखा शहर रिकामे करीत नाही, म्हणून त्याच्यासाठी कौले उतरवायला कोणी धावले नाही.

उंचीलाच दोष देण्याचे कारण नाही. चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ ही इमारत (१९८३) २८ मजली आहे. समुद्रावरचा वारा आणि देखावा पश्चिमेचा, आणि कडक ऊन व पाऊसही तिकडचेच, ही मुंबईची जुनी अडचण. कोरियांनी कोपऱ्यात दोन मजले उंच गच्च्या काढून ती सोडवली. अर्थात ती श्रीमंतांची घरे. वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात तळ अधिक तीन मजल्यांच्या बांधल्या गेल्या. त्यांच्या जागी ४० मजली टॉवर होत आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. घर तिपटीने मोठे झाले. उजेडाचा हिशेब मजल्यागणिक आणि खिडकीगणिक वेगळा येईल. तो मोजावाच लागेल.

मोजणे अवघड नाही. कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा, मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट बांधा. विद्यार्थ्याने आपल्या घराच्या खिडकीशी उभे राहून नळीतून समोरच्या इमारतीचा माथा पाहावा. दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितका सरकला, तितका कोन. (नळीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, हे आधी बजावून सांगावे.) हा कोन खिडकीच्या उंचीवरचा असल्याने पायथ्याच्या कोनापेक्षा थोडा कमी येईल. मजला, कोन, एक वजा साइन आणि दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो का, असे चार रकाने करून वर्गातल्या सगळ्यांच्या नोंदी एका तक्त्यावर मांडाव्यात. तालुक्याच्या गावातही आता चार-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहत आहेत, तेव्हा हा तक्ता फक्त मुंबईच्या शाळांनीच करावा असे नाही.