पोट न उघडता जठराच्या कर्करोगावर उपचार

जठराचा कर्करोग म्हटला की पोट उघडून जठराचा मोठा भाग, प्रसंगी संपूर्ण जठर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. मात्र, रोग अगदी प्राथमिक अवस्थेत सापडल्यास पोटावर एकही छेद न देता, तोंडावाटे सोडलेल्या दुर्बिणीच्या साह्याने केवळ बाधित अस्तर काढून घेता येते. हे तंत्र प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाले.

जठराच्या भिंतीत सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, त्याखाली सैल ऊतींचा थर आणि त्यापलीकडे स्नायूंचा थर असतो. कर्करोगाचा उगम अस्तरात होतो. तो तेथेच मर्यादित असेपर्यंत लसिका ग्रंथींमध्ये पसरण्याची शक्यता फार कमी असते. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या उपचारांचा सारा आधार हाच आहे.

१९८०च्या दशकात 'ईएमआर' ही पद्धत पुढे आली. तीत अस्तर फुगवून तारेच्या फासाने कापले जाते. परंतु, सुमारे दोन सेंटीमीटरहून मोठी गाठ अशा रीतीने एकसंध निघणे अवघड असते. तुकड्यांत काढलेली गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका राहतो आणि तिच्या कडा रोगमुक्त आहेत किंवा नाहीत, याचा निर्वाळा देणेही कठीण जाते.

ही उणीव १९९०च्या दशकात विकसित झालेल्या 'ईएसडी' पद्धतीने दूर केली. तीत गाठीभोवती खुणा करून अस्तराखाली द्रव टोचतात. अस्तर स्नायूंपासून वर उचलले गेले की सूक्ष्म विद्युत-सुरीने सभोवार छेद देऊन ते खालून अलगद सोडवितात. स्नायूंना इजा होऊ नये म्हणून टोकाला सिरॅमिकचा मणी असलेली सुरीही तयार करण्यात आली. जपानच्या आरोग्य विमा योजनेत २००६ मध्ये या उपचाराचा समावेश झाला.

या पद्धतीत रक्तस्राव आणि जठराला छिद्र पडणे हे प्रमुख धोके असून, ती शिकण्यास दीर्घ सराव लागतो. काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत रोग खोलवर गेल्याचे आढळल्यास मोठी शस्त्रक्रिया सहसा करावी लागते. जठर शाबूत राहत असल्याने त्यात अन्यत्र नवा कर्करोग होऊ शकतो. त्यासाठी ठरावीक काळाने तपासणी आवश्यक असते. 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' जिवाणूंचा संसर्ग असल्यास त्यावर उपचार केल्याने हा धोका कमी होतो.

खरी अडचण निदानाची आहे. प्राथमिक अवस्थेत बहुधा लक्षणेच नसतात. दक्षिण कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी तपासणीची राष्ट्रीय योजना असल्याने असे रुग्ण वेळीच सापडतात. भारताच्या राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांवर भर आहे. जठराचा त्यात समावेश नाही. त्यामुळे उतारवयात नव्याने सुरू झालेले अपचन, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, गिळताना होणारा त्रास किंवा काळसर शौच यांवर केवळ आम्लपित्ताच्या गोळ्या घेत न राहता वैद्यकीय सल्ल्याने एंडोस्कोपी करून घेणे हिताचे ठरते. जठर वाचविता येईल अथवा नाही, हे बव्हंशी निदानाच्या वेळेवर अवलंबून असते.