तीन निद्रा आणि एक रजा

बऱ्याच रविवारांनी लिहायला बसलोय. मधले दोन महिने रिलीजने खाल्ले. रात्री दीड वाजता फोन, पहाटे चारला कॉल, सकाळी नऊला पुन्हा मीटिंग. एकदाचं ते सगळं लाइव्ह गेलं आणि मी चार दिवस रजा टाकून गावी गेलो. गाव तुळजापूरपासून जवळच. एसटीतून उतरून घरात पाय ठेवतोय तोच आईने विचारलं, "आराम हाय का रे?"

"हो, आता चार दिवस आरामच आराम."

"आरं तसं न्हाई, तब्येत इचारली तुझी!"

तर सुरुवात इथून झाली. रात्री सवयीने लॅपटॉप उघडला, तेव्हा आई म्हणाली, "काय करायलास एवढ्या रातच्याला? देवीबी झोपलीय सध्या. झोप की." महिना भाद्रपद, नवरात्र तोंडावर आलेलं. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, पण यावेळी डोक्यात अडकून बसलं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. त्यामुळे आमची देवी खरोखरच झोपते! वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. याला मंचकी निद्रा म्हणतात. आणि गंमत म्हणजे तिन्ही झोपांना वेगळी नावं आहेत. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोर निद्रा. दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा. आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. श्रम निद्रेचा पलंग अहिल्यानगरकडून (आमच्या तोंडी अजून नगरच) येतो, पालखी बुऱ्हाणनगरची. नऊ दिवस महिषासुराशी लढून देवी दमली, म्हणून ही श्रमाची झोप.

पण मला जास्त आवडते ती घोर निद्रा. ती लढाईच्या आधीची आहे. म्हणजे दमल्यावर झोपायचं हे तर झालंच, पण मोठं काम पुढे आहे म्हणून आधी नीट झोपून घ्यायचं, हेही परंपरेने कॅलेंडरात बसवून ठेवलंय. आमच्या एकाही प्रोजेक्ट प्लॅनमध्ये रिलीजच्या आधी घोर निद्रा नसते. श्रम निद्रासुद्धा मागून घ्यावी लागते. मोह निद्रा मात्र दुपारच्या मीटिंगमध्ये आपोआप लागते :)

मग चार दिवस हाच उद्योग. शब्द जमवत बसलो.

'विश्रांती' फोडली तर आत 'श्रम'च निघतो. ज्याने श्रम केले नाहीत, त्याला व्याकरणाने विश्रांती मिळूच नये! 'विसावा' त्याच घराण्यातला, पण प्राकृताच्या वाटेने घासून घासून मऊ झालेला. विश्रांती डॉक्टर सांगतात, विसावा झाडाखाली मिळतो. 'निवांत' हा शब्द संस्कृत 'निवात'वरून आलेला मानतात, म्हणजे जिथे वारा लागत नाही अशी जागा. आमच्या बालाघाटाच्या माळावर जून महिन्यात जो वारा सुटतो, तो अनुभवला की निवांत म्हणजे काय ते बरोबर कळतं.

'आराम' तर दुहेरी पासपोर्टवाला. संस्कृतात आराम म्हणजे रमायची जागा, बाग. बौद्ध भिक्खूंचे संघाराम त्यातलेच. पण आपण रोज वापरतो तो फारसी. 'फुरसत' मूळ अरबी, तिथे अर्थ संधी. 'दम खाणे'तला दम फारसी, म्हणजे श्वास. धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८० च्या दशकापासून तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले. मराठीत फारसी शब्द त्याच्या कितीतरी आधी, बहमनी आणि आदिलशाहीच्या काळापासून येत होते, पण आमच्याकडे कचेरीमुळे ते आणखी मुरले. संस्थान गेलं, जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नावही २०२३ मध्ये बदललं, पण आराम आणि फुरसत काही घर सोडून गेले नाहीत.

आता खरी मेख. 'सुट्टी' आली सुटण्यावरून. जू उतरलं, बैल सुटला. आणि 'रजा'? मूळ अरबी, अर्थ मर्जी, संमती. म्हणजे सुट्टीत आपण सुटतो आणि रजेत दुसरा कुणीतरी 'जा' म्हणतो. एचआरच्या पोर्टलवर 'अप्रूव्हड' असं हिरव्या अक्षरात येतं ना, तो हुबेहूब 'रजा'चा अनुवाद आहे.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणीतरी मागितली म्हणून मिळाली. मुंबईच्या गिरण्यांमध्ये ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या साध्या होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास मधली सुट्टी, पगार वेळेवर. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडलं असं सांगतात. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे हे वाचून मला उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. देवाच्या नावाने माणसाला झोप मिळवून द्यायची, ही आयडिया तुळजापुरात आणि परळच्या गिरणीत सारखीच.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. आईने भांडी घासली, पदर खोचलेला तसाच, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाली. मी म्हटलं, "गादीवर झोप की नीट."

"गादी कशाला? जरा पाठ टेकते."

पंधरा मिनिटांत दुधाची वेळ झाली म्हणून उठलीसुद्धा. जरा पाठ टेकते, घटकाभर पडते, अंग टाकते... तिच्याकडचे सगळे शब्द असे शरीराचे आणि 'जरा'चे. विश्रांती, सुट्टी हे शब्द मी तिच्या तोंडून तिच्यासाठी कधी ऐकलेच नाहीत. लोखंड्यांचा रविवार गिरणीतून माझ्या ऑफिसपर्यंत आला, तिच्या चुलीपर्यंत काही पोचला नाही. उलट रविवारी आम्ही घरी, म्हणजे तिला काम जास्त.

निघताना विचारलं, "आई, तुला सुट्टी कधी?"

ती हसली. "मला कोण देतंय रजा?"

तिला अरबी येत नाही, पण शब्द अचूक होता. एसटीत बसल्यावर फक्त एवढं ठरवलं की दसऱ्यानंतर, देवीची श्रम निद्रा सुरू झाली की, पुन्हा रजा टाकायची आणि ते पाच दिवस स्वयंपाक मी करायचा. मला येतो तो पिठलं-भात. ती ऐकेल का, माहीत नाही. रजेचा अर्ज मात्र आज टाकलाय.