४४३ मतं आणि एक चुकीची पट्टी

आपल्या जालन्यात 'इलेक्शन केस' म्हटलं की आधी आठवते ती खोतकर विरुद्ध गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभेत फरक होता फक्त २९६ मतांचा. आक्षेप असा, की उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर आला, तरी अधिकाऱ्यांनी तो घेतला. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द केली आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं.

तिथे घोळ उमेदवाराच्या कागदाचा होता. पण मतदाराच्या हातात दिलेला कागदच चुकीचा असेल तर? यासाठी १९५२ मध्ये जाऊ, होशंगाबादला. हे गाव तेव्हाच्या मध्य प्रदेशात होतं आणि त्या राज्याची राजधानी होती आपलं नागपूर.

त्या वेळी मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसायची. प्रत्येकाची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. आवडत्या पेटीत कागद टाकायचा, झालं मतदान! लोकसभेच्या कागदावर हिरवी पट्टी छापलेली, विधानसभेच्या कागदावर तपकिरी. दोन केंद्रांवर गडबड झाली. ४४३ मतदारांना लोकसभेसाठी तपकिरी पट्टीचा कागद दिला गेला.

मोजणीत ही मतं धरली. सय्यद अहमद यांना ६५,३७५, हरी विष्णू कामथ यांना ६५,२०१. कामथ १७४ मतांनी हरले. आता गंमत बघा. त्या ४४३ पैकी ३०१ मतं सय्यद अहमद यांची होती, कामथांची फक्त ६२. ती सगळी बाद केली, तर कामथ ६५ मतांनी पुढे!

निवडणूक न्यायाधिकरण म्हणालं, बरोबर कागद मिळाला असता तरी लोकांनी मत तेच दिलं असतं, म्हणून निकाल बदलत नाही. नागपूर हायकोर्टातही कामथांना यश आलं नाही. डिसेंबर १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र सांगितलं: चुकीच्या खुणेची पत्रिका बाद करायचीच, असा नियम आहे. अधिकाऱ्याला तो वाकवता येणार नाही. निवड रद्द!

मला आधी हे खटकलं. बग सिस्टमचा आणि डेटा उडवायचा युजरचा? पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. कोर्टाने वजाबाकी करून कामथांना खासदार केलं नाही. १९५५ मध्ये पोटनिवडणूक झाली, म्हणजे त्या ४४३ जणांनाही पुन्हा मत देता आलं. कामथ जिंकले, ते मतांवर.

आज ईव्हीएमवरही छापील मतपत्रिका लावलेली असते. चिन्ह किंवा नाव चुकू शकतंच. आणि ग्रामपंचायतीत तर पाच-दहा मतांवर गाव फिरतं! म्हणून लक्षात ठेवा: निकालानंतर १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करायचा असतो. आणि नुसतं "चूक झाली" म्हणून भागत नाही. चुकीची मतं किती आणि विजयाचा फरक किती, हा हिशोब मांडावा लागतो. कामथांनी तोच मांडला होता.

भेटू पुढच्या भागात!