गावाचं नाव पुरावा म्हणून कसं वाचायचं?

कराड-पलूस भागात मोटारसायकलवर फिरलात तर ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी अशा दोन पाट्या दिसतात. वाडी म्हणजे एखाद्या भावकीची जुनी वस्ती, असा आपला समज असतो. पण ‘किर्लोस्कर’ या आडनावातला ‘कर’च मुळी दुसऱ्या कुठल्या तरी गावाकडे बोट दाखवतो. शंका इथूनच घ्यायची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली, लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. ओगलेवाडीची गोष्टही अशीच. ती काचकारखान्याभोवती वसली. प्रभाकर कंदील तिथलाच.

म्हणजे नाव जुन्या वळणाचं, पण गाव विसाव्या शतकातलं! शिवाय या नावात फक्त कारखानदार दिसतो. जमीन देणारं संस्थान, माळावर राबलेले मजूर आणि जुनं ‘कुंडल रोड’ त्यातून कळत नाही.

त्यामुळे ग्रामनामांवर संशोधन करायचं असेल, तर व्युत्पत्तीच्या मागे लागण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहा : हे नाव कधीपासून आहे? कोणी दिलं? त्याआधी काय होतं? उत्तरं शोधायला जुने नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं आणि संस्थानी दप्तरं चाळायला लागा.